मोजणीचे बारा दिवस

३ फेब्रुवारी, सोमवार

हात वर केला मी! कुणी धरून वर केला नाही, माझा मीच केला.

काल व्यापारी समितीची बैठक झाली, चष्म्याच्या दुकानात. चष्मेवाला आमचा अध्यक्ष. म्हणाला, कोपऱ्यावरचं बंद पडलेलं कापडदुकान ती पिवळ्या पाटीची कॉफी कंपनी बघून गेलीय. आली तर आपला बाजार उठून उभा राहील. मोठ्या नावामागे माणसं येतात, माणसांमागे बँक येते, बँकेमागे नगरपालिका दिवे लावते. हमरस्त्यावर मॉल झाल्यापासून आमच्या रस्त्यावर सात शटरं खाली आली. उरलेले आम्ही दुपारी एकमेकांची तोंडं बघत बसतो. मग त्यानं विचारलं, "कोण कोण बाजूनं?" भराभरा हात वर – आणि सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. कारण या रस्त्यावर कॉफी विकणारा एकच, तो मी. एकतीस वर्षं झाली.

म्हटलं, "बघताय काय? माझ्या हाताला काय सुट्टी आहे?" आणि केला वर.

घरी हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती. निवडायची थांबली. "आपल्या पायावर धोंडा मारून घेणारे पुष्कळ बघितले. धोंडा मागवायला बैठकीला जाणारे तुम्हीच पहिले!"

४ फेब्रुवारी, मंगळवार

कंपनी लगेच येत नाही म्हणे. आधी मोजते. कोपऱ्यावर घडीची खुर्ची टाकून एक बाई येऊन बसलीय, तिशीची असेल. हातात एक यंत्र आहे, माणूस समोरून गेला की अंगठ्यानं दाबते – टिक! बारा दिवस बसणार, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. माणसं पुरेशी निघाली तर कंपनी येणार, नाहीतर राम राम.

दहाच्या सुमाराला तिच्यासाठी कॉफी घेऊन गेलो. नको म्हणाली. रस्त्यावरच्या दुकानदारांकडून काही घ्यायचं नाही, नियम आहे. म्हटलं, पोरी, उन्हाला नियम असतो का? हसली, पण घेतली नाही. तासाभरानं दुकानात येऊन स्वतः विकत घेतली. "हे चालतं," म्हणाली. आणि घोट घेऊन डोळे मिटले. एवढं पुरे झालं मला दिवसभर.

५ फेब्रुवारी, बुधवार

टेलरच्या डोक्यातून निघालेली युक्ती. त्याच्या डोक्यातून आजवर युक्ती म्हणून जे निघालं त्यातलं एकही धड नव्हतं. एकदा बाहुलीला कोट घालून दाराबाहेर उभी केली, तर कोटच काय, बाहुलीसुद्धा गेली!

पण आज सगळ्यांनी त्याचं ऐकलं. दुपारी मोजणारीकडे बघून आला, माझ्या बाकावर बसला आणि हळूच म्हणाला, "तासाला चाळीस. एवढ्यात कंपनी कशाला येईल, माशीसुद्धा येणार नाही. आपणच चालायचं."

"कुठं?"

"कुठं नाही. इकडून तिकडं. तिच्यासमोरून. तिला काय कळतंय कोण कुठला!"

चष्मेवाला आधी म्हणाला, असं बरं दिसत नाही. मग म्हणाला, पाळ्या लावू.

६ फेब्रुवारी, गुरुवार

चाललो. आख्खा बाजार चालला! काय सांगू – लग्नाच्या वरातीत एवढे पाय कधी दुखले नव्हते. टेलर तीन टोप्या घेऊन आलेला. जाताना एक, येताना दुसरी, तिसरी खिशात राखीव. घड्याळवाल्या बाई रिकामी पिशवी घेऊन अशा निघाल्या की बघणाऱ्याला वाटावं, घरी पंधरा पाहुणे आलेत. वीस वर्षं दुकानाच्या भिंगामागून हलल्या नव्हत्या त्या! चष्मेवाला फोन कानाला लावून, "हो हो, पोचतोच" म्हणत चार वेळा गेला. कुठं पोचतोय, देव जाणे.

मी अकरा फेऱ्या मारल्या. दुकानात ही बसली होती. प्रत्येक फेरीला माझ्याकडे अशी बघत होती की बारावी मारायची छाती झाली नाही.

टिक. टिक. टिक. मान वर न करता दाबत होती पोरगी.

८ फेब्रुवारी, शनिवार

एक गंमत झालीय. धंदा दुप्पट! चालून चालून माणसं दमतात आणि माझ्या दाराशी येऊन टेकतात. कट्ट्यावर, बाकावर, पायरीवर – जागा पुरेना. तांब्याचं मोठं भांडं माळ्यावरून काढलं, हिनं चिंच लावून घासलं. दाणे हातचक्कीवर दळता दळता खांदा भरून आला, पण वास असा सुटला की समोरची दोन शटरं उघडी असती तर तीही धावत आली असती.

तरी एक दिसतंय. कप घेताना कुणी माझ्याकडे बघत नाही. घड्याळवाल्या बाई एका कपावर कधी गेल्या नाहीत, त्या आज तीन प्यायल्या. "आज जरा थंडी आहे ना," म्हणाल्या. घाम पुसत म्हणाल्या! चष्मेवाला पितो तर पितो, वर म्हणतो, "वा! अशी कॉफी कुठल्या कंपनीला जमणार?" आणि लगेच जीभ चावतो.

कळतंय रे बाबांनो. माझ्या चितेला लाकडं आणताय आणि वाटेत माझ्याकडेच पाणी पिताय. पण राग येत नाही. गंमत म्हणजे खरंच येत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

गुडघे बोलायला लागलेत. सगळ्यांचे. टेलर म्हणतो, त्याचा डावा जास्त बोलतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज हिनं सरळ विचारलं. वाढता वाढता. "ते आले तर तुमच्याकडे कोण येईल?"

म्हटलं, येतील की. जुनी माणसं आहेत.

"जुनी माणसं जुनी होतात. मग?"

 म्हणून दुपारी टेलरला घेऊन मॉलमध्ये गेलो, त्या कंपनीची कॉफी प्यायला. शत्रूला भेटावं तरी. आत गारवा, मऊ खुर्च्या, कपावर आपलं नाव लिहून देतात. टेलरनं स्वतःचं नाव दोन वेळा मोठ्यानं सांगितलं, तरी त्या मुलानं चुकीचंच लिहिलं. टेलर खूश – "दुसऱ्याची कॉफी फुकटात प्यायल्यासारखं वाटतंय!"

मी घोट घेतला. मनात धरून आलो होतो की फुळकवणी असेल. इथे खोटं कुणासाठी लिहू – चांगली होती. दाणा ताजा, भाजणी नेमकी. मी चौथीपर्यंत शिकलो, बाकी सगळं भांड्याजवळ उभं राहून शिकलो, पण चांगलं काय ते मला जिभेवर कळतं. वाईट असती तर बरं झालं असतं. चांगल्याशी कसं भांडायचं?

टेलर बाहेर पडल्यावर म्हणाला, "तुझीच बरी." मी म्हटलं, "लेका, तू मापात खोटं बोलत नाहीस, चवीत का बोलतोस?"

मग बसथांब्यावर उभे होतो. नंतर म्हणाला, "उन्हाळ्यापर्यंत गिऱ्हाईक आलं नाही ना, तर मशीन घरी नेणार मी. खोलीत कुठं ठेवायची, तेही बघून ठेवलंय. खिडकीजवळ." एवढंच. बस आली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कालपासून एक गोष्ट डोक्यात भुंगा होऊन फिरतेय. लिहून टाकतो, म्हणजे तरी बसेल.

हे जे आम्ही करतोय ते खोटं आहे. त्या पोरीला फसवतोय. ती सकाळपासून उन्हात बसते, पाणी बेतानं पिते, कारण उठलं तर मोजणी चुकेल. आणि समोरून टेलर टोप्या बदलत फिरतोय. मी तिला जाऊन सांगायला पाहिजे. खरं बोलावं, असं मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आलोय, कॉफी शिळी असेल तर तसं सांगूनच दिलीय.

पण खरं बोललो की फायदा माझा! कंपनी येणार नाही, माझं भांडं चुलीवर राहणार. म्हणजे मी खरं बोलतोय की माझा स्वार्थ बोलतोय? आणि गप्प राहिलो तर तो चांगुलपणा की नुसती भीड?

असलं काही पूर्वी डोक्यात येत नव्हतं. फार चालल्यानं झालं असेल.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सांगितलं.

चार वाजता ती कॉफी प्यायला आली, तिची पंधरा मिनिटांची सुट्टी असते. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. म्हटलं, "पोरी, तू जे मोजतेस ना, त्यातले निम्मे आम्हीच आहोत. फिरून फिरून तेच. मीसुद्धा."

ती कप दोन्ही हातांत धरून ऐकत होती. रागावली नाही. हसलीही नाही. विचारलं, "काका, हे तुम्ही मला का सांगताय?"

"खोटं आहे म्हणून."

"एवढंच?"

मी ओट्यावरचा सांडलेला भुगा पुसत बसलो. पुसून झाला तरी पुसत बसलो. तिनं कप ठेवला. म्हणाली, "मी आकडे लिहून पाठवते. ठरवतात वरचे." मग जाताना वळली – "कॉफी मात्र फार छान करता तुम्ही." आणि गेली परत खुर्चीवर.

तेवढ्यात टेलर आला, लाल टोपी घालून. घामाघूम. पाय ओढत चालला होता. "सोळावी!" असं बोटांनी मला दाखवलं आणि पुढे गेला.

आज जेवण गेलं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मोजणी संपली. मोजणारी खुर्ची घडी करून गेली. जाताना सगळ्यांना हात केला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

चष्मेवाल्यानं कोपऱ्यावरच्या दुकानाची धूळ स्वतः झाडली. घड्याळवाल्या बाईंनी काचेत मोठं भिंतीवरचं घड्याळ लावलं, चालू करून. टेलरनं दाराला रंग दिला – म्हणे, उद्या गर्दी झाली की वेळ कुणाला! माझ्याकडे आला, हाताला रंग तसाच. "तुला काय वाटतं, येतील ना?"

मी म्हटलं, कपाला रंग लावू नकोस.

हिला सगळं सांगितलं. वाटलं, म्हणेल, शहाणपणा केलात. दुकान वाचवलंत. तर ही म्हणाली, "मोजणारीला सांगितलंत ते ठीक. टेलरला कधी सांगताय?"

अशी बायको असली की वेगळा देव कशाला हवा! आणि वेगळा पोलीसही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

चष्मेवाल्यानं कंपनीला फोन लावला. तिकडून कुणी साहेब बोलले – फिरणाऱ्यांचा आकडा बाद केलाय, धरलेला नाही, पुढचं काय ते कळवू.

बाद! म्हणजे संपलंच. बाजारावर अशी कळा आली जशी मयताहून परतल्यावर येते. चष्मेवाला तावातावानं म्हणाला, "कुणीतरी चुगली केलीय. आपल्यातल्याच कुणीतरी. सापडू दे मला!"

सगळे खाली बघत होते. मी तर फारच खाली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आज समितीत उभा राहिलो. एकतीस वर्षांत बैठकीला फक्त कॉफी घेऊन उभा राहिलोय, बोलायला कधी नाही. 

म्हटलं, "चुगली मी केली. चौदा तारखेला, चार वाजता. खोटं खपेना म्हणून केली – आणि माझं दुकान राहावं असंही वाटत होतं. त्यातलं कुठलं आधी वाटलं ते मलाही सांगता येत नाही. काय बोलायचं ते बोला."

 भिंतीवरच्या डोळे तपासायच्या तक्त्यातली अक्षरं मी वरून खाली वाचली. अगदी बारीक ओळीपर्यंत.

मग घड्याळवाल्या बाई खाकरल्या. "चौदाला? मी आठलाच सांगितलं."

"काय सांगितलं?"

"म्हटलं, बाई, मला मोजू नको. माझ्या पिशवीत काही नाही, मी उगाच फिरतेय. तीन कप प्यायले त्या दिवशी तुमच्याकडे, आणि एकही गोड लागेना हो. तुमचं भांडं उतरलं तर दुपारी मी टेकायचं कुठं? त्या गार खुर्चीत? माझी कंबर धरते."

मी बघतच राहिलो. आणि एकदम लक्षात आलं की चष्मेवाला चष्मा पुसतोय. आधीच पुसलेला. बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं जसं बंद घड्याळाकडे बघतात.

"शुक्रवारी," तो म्हणाला. "सात तारखेला. फोन कानाला लावूनच सांगितलं, कुणाला कळू नये म्हणून."

"आणि परवा बोंबलत होतास ते?" मी विचारलं.

"मग काय करू? अध्यक्ष आहे मी!"

हसलो आम्ही! म्हणजे ते हसले, मला हसता हसता खोकला लागला, बाईंनी पाठ थोपटली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच्याकडून शिकाव्यात. पहिल्या दिवसापासून फिरत होता आणि दुसऱ्याच दिवशी सांगून आला होता!

टेलर हसला नाही.

"मी नाही सांगितलं," तो म्हणाला. "मला पाहिजे होती कंपनी. मी खरंच चाललो." टोपी उचलली आणि गेला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

टेलर आला नाही. त्याच्या दुकानाचं दार नवं कोरं दिसतं, रंग दिलेलं. आत मशीनचा आवाज नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

नाही आला. कप धुऊन ठेवलाय त्याचा.

१ मार्च, शनिवार

मीच गेलो. किटली आणि दोन कप घेऊन. मशीनजवळ नुसता बसला होता, दोऱ्याचं रीळ हातात फिरवत. मी ओतली. त्यानं घेतली.

"साखर कमी आहे," म्हणाला.

"तोंड कडू आहे तुझं."

बरंच पीत बसला. मग म्हणाला, "तुझं वाईट व्हावं म्हणून नव्हतो फिरत."

"माहीत आहे रे."

"पण ते आले असते तर मी पहिल्या दिवशी रांगेत उभा राहिलो असतो. मित्राशी खोटं कशाला बोलू?"

म्हटलं, "मी तुझ्या मागे उभा राहिलो असतो. चांगली करतात."

तेव्हा कुठं हसला. मग दोघं बसून त्याच्या मशीनचं काय करता येईल ते बोललो. माझ्या दुकानात पुढच्या बाजूला, बाक हलवला तर, मशीन बसते. कॉफी होईपर्यंत माणूस उभाच असतो – त्याचं बटण लावून होतं, उसवलेलं शिवून होतं. दोन दुकानांचा दिवा एकच जळेल. तो म्हणाला, भुगा उडेल कपड्यांवर. मी म्हटलं, तुझे दोरे पडतील कॉफीत. म्हणजे जमलंच!

हिला सांगितलं तर म्हणाली, "आता तो दिवसभर बोलणार." पण लगेच उठून बाकाच्या जागेचं माप घेतलं. वितीनं.

६ मार्च, गुरुवार

मशीन आली. चौघांनी उचलून आणली, पाचवा मी, सूचना द्यायला. पहिल्याच दिवशी सहा जणांनी काही ना काही शिवून घेतलं. एकाचं तर काही उसवलेलंही नव्हतं, टेलरनं शोधून काढलं!

घड्याळवाल्या बाई काचेपाशी बघत उभ्या होत्या. म्हणाल्या, "माझं भिंग कुठं मावेल का हो, खिडकीत?"

किती दिवसांनी असं वाटलं, की हा रस्ता मरायला अजून बराच वेळ आहे.

१५ मार्च, शनिवार

पत्र आलं. कंपनी येतेय.

चष्मेवाल्यानं दोनदा वाचून दाखवलं. फिरणाऱ्यांचा आकडा धरला नाही, असं साफ लिहिलंय. पुढे लिहिलंय – परंतु मोजणीच्या काळात एकाच लहान दुकानासमोर दररोज सरासरी एकशे ऐंशी माणसं कॉफीसाठी थांबलेली आढळली, लोकांना कॉफीची एवढी सवय असलेला रस्ता या शहरात दुसरा नाही, सबब कोपऱ्यावरची जागा निश्चित करण्यात येत आहे.

मशीन थांबली.  मग ही म्हणाली, "एकशे ऐंशी! त्यातले चाळीस तर एकटा टेलर असेल." सगळे हसले, टेलरही, मीही.

हसणं ओसरल्यावर ही उठली, रस्ता ओलांडून कोपऱ्यावरच्या त्या बंद दुकानासमोर गेली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली, सावकाश, पावलाला पाऊल लावून. मग परत येऊन आपल्या दारासमोर तसंच चालली.

"चाळीस पावलं," म्हणाली. "आपलं नऊ. त्या नऊत एकशे ऐंशी उभे राहिले."